वर जाण्याची कळ



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते आहे ते ग्रंथपाल होते, आणि त्यांच्या नावाच्या व्याख्यानात मी विषय घेतला आहे तो संगणकावरच्या एका मजकूर-संपादकाचे माहितीपुस्तक कसे वाचावे, हा. संयोजकांपैकी एकांनी काळजीने विचारले, की एवढ्याशा गोष्टीवर तासभर बोलणार तरी काय? प्रश्न रास्त होता. पण मोठ्या ज्ञानसाठ्यात शिरलेल्या वाचकाला आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळावे की नाही, आणि कळावे अशी मांडणी करणे हे कोणाचे काम, हा प्रश्न ग्रंथपालांचाच आहे. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. मी ज्या प्रणालीविषयी बोलणार आहे ती हा नियम पाळते असे माझे मत आहे. पहिल्या दिवशी मात्र ती वाचकाचा भरपूर वेळ खाते, हेही आधीच सांगून टाकलेले बरे.

प्रणालीचे नाव इन्फो, आणि तिचे घर इमॅक्स नावाच्या मजकूर-संपादकात आहे. मजकूर-संपादक म्हणजे वर्डसारखी देखणी पत्रे छापायचे साधन नव्हे. प्रोग्राम, टिपणे, याद्या, हिशेब, जे जे साध्या अक्षरांत मावते ते लिहिण्याचे साधन. इमॅक्सचा जन्म 1976 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला. तिथे टेको नावाचा संपादक वापरात होता. त्यात जवळजवळ प्रत्येक अक्षर ही एक आज्ञा असे, आणि अशा आज्ञा जोडून जो तो आपापल्या सोयीचे संच रचत असे. परिणाम व्हायचा तोच झाला. एकाची मांडणी दुसऱ्याला समजेना. गाय स्टील यांनी हे संच एकत्र करायला घेतले आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ते काम तडीला नेले.

स्टॉलमन यांनी 1981 साली इमॅक्सवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच संपादकाची तीन लक्षणे दिली आहेत: वाढवता येणारा, हवा तसा बदलता येणारा, आणि स्वतःची माहिती स्वतःच देणारा. आज मला काम आहे ते तिसऱ्या लक्षणाशी. इमॅक्समधली प्रत्येक आज्ञा आपले वर्णन बरोबर बाळगते. कंट्रोल धरून एच दाबा, मग के दाबा, आणि मग ज्या कळेविषयी कुतूहल असेल ती दाबा. ती काय करते ते पडद्यावर येते. 1976 च्या मानाने ही चैनच होती. पण प्रत्येक आज्ञेने आपापली कैफियत दिली म्हणून त्याचे पुस्तक होत नाही. आपल्याला कोणती आज्ञा हवी आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने विचारायचे काय? त्याला विषयवार, सोप्याकडून अवघडाकडे नेणारे काहीतरी लागते. ती गरज इन्फोने भागवली, आणि तीही सत्तरच्या दशकातच, पीडीपी-10 यंत्रावरच्या इमॅक्सबरोबर.

त्या काळी दुसरीकडे, बेल लॅब्जमध्ये, युनिक्स या संचालन प्रणालीची परंपरा वेगळ्या वाटेने गेली. युनिक्सच्या माहितीपुस्तकाची पहिली आवृत्ती नोव्हेंबर 1971 ची. तिच्यात एका आज्ञेला एक नोंद असे, आणि नोंदी वर्णानुक्रमे लावलेल्या. नाव माहीत असलेल्याला यापेक्षा जलद काही नाही. नाव माहीत नसलेल्याचे मात्र तिथे हाल होतात. 1983 साली स्टॉलमन यांनी मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या, सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, 1985 मध्ये ग्नू इमॅक्स लोकांच्या हाती आला, आणि प्रकल्पाने आपल्या साऱ्या प्रोग्रामांची मुख्य माहिती इन्फोतच द्यायची असे ठरवले. लिनक्स वापरणाऱ्यांनी एक ओळ नक्की पाहिली असेल: आज्ञेची छोटी नोंद संपते तिथे म्हटलेले असते, की सविस्तर माहिती दुसऱ्या ठिकाणी आहे. ती दुसरी जागा म्हणजे इन्फो. बहुतेक जण तिथे जात नाहीत. जे जातात त्यांतले बरेच जण आत शिरल्यावर बावरतात, दोन-चार कळा दाबून पाहतात, आणि बाहेर कसे पडायचे ते शोधू लागतात. बाहेर पडायची कळ क्यू. अनेकांची इन्फोशी ओळख तेवढ्यावरच संपते, आणि याचा दोष मी वाचकाला देत नाही. नकाशा कसा वाचायचा ते कोणी सांगितलेच नसेल, तर नकाशा हातात असून उपयोग काय?

इन्फोतले पुस्तक पानांचे नसते, नोडांचे असते. एक नोड म्हणजे एक विषय, एका विशिष्ट खोलीपर्यंत सांगितलेला. प्रत्येक नोडच्या डोक्यावर एक ओळ असते: पुस्तकाचे नाव, या नोडचे नाव, आणि पुढे तीन पत्ते, म्हणजे पुढचा नोड, मागचा नोड आणि वरचा नोड. काही नोडांत मेन्यू असतो. त्याच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारांकन, मग उपविषयाचे नाव, मग बहुतेक वेळा चार शब्दांत त्याची ओळख. इतक्या माफक सामग्रीवर शेकडो पानांचे ग्रंथ उभे राहिले आहेत.

कळाही तशाच माफक. एन दाबले की पुढचा नोड, पी दाबले की मागचा, यू दाबले की वरचा. एम दाबले की मेन्यूतला कोणता विषय हवा ते खालच्या ओळीत विचारले जाते. तिथे पूर्ण नाव लिहावे लागत नाही. दोन-तीन अक्षरे टाकून टॅब दाबला की बाकीचे नाव आपोआप भरते, आणि लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरकही कोणी पाहत नाही. 1 ते 9 आकडे दाबले तर मेन्यूतला त्या क्रमांकाचा विषय थेट उघडतो. ओळी मोजताना डोळा चुकू नये म्हणून दर तिसऱ्या ओळीचे तारांकन वेगळे उठून दिसते. ही युक्ती मला फार आवडते. कोणी तरी बसून विचार केल्याशिवाय अशा गोष्टी होत नाहीत.

नोड इतके लहान का, याचे उत्तर त्या काळच्या यंत्रांत आहे. पडद्यावर चोवीस ओळी मावत, आणि स्मृती तुटपुंजी. म्हणून मोठे इन्फो-पुस्तक तुकडे करून ठेवत. बराच काळ एक तुकडा साधारण 50,000 बाइटांचा असे; नंतर ती मर्यादा 300,000 झाली. कोणता नोड कितव्या बाइटापाशी सुरू होतो याचा एक तक्ता शेवटी जोडलेला असतो, म्हणजे सारी फाइल चाळत बसावे लागत नाही. लेखकाला मात्र याचा अनपेक्षित फायदा झाला. एका नोडमध्ये एकच गोष्ट सांगायची ही शिस्त यंत्राने त्याच्यावर लादली. काही लेखकांना अशी सक्ती हवीच असते, हे माझे खाजगी मत.

आता शिकण्याविषयी. कंट्रोल-एच, मग आय, एवढे केले की संगणकावरच्या सर्व इन्फो-पुस्तकांची यादी उघडते. तिथे नुसते एच दाबले की इन्फो स्वतःचाच धडा घेऊ लागते. हा धडा ज्याने लिहिला त्याला शिकवणे म्हणजे काय ते पक्के समजलेले होते. तो समजावत बसत नाही, करायला लावतो. पहिल्या नोडच्या शेवटी सांगतो, एन दाब. दुसऱ्या नोडमध्ये आल्यावर नवशिक्या उत्साहाने पुन्हा एन दाबणार हे त्याला माहीत आहे, म्हणून तिथे आधीच बजावतो, की थांब, आधी पी दाबून मागे जाऊन ये. पुढे मेन्यू येतो, आणि त्यात एक नोड निव्वळ गंमत म्हणून भेट द्यावी यासाठी ठेवलेला आहे. त्यात शिरायचे आणि यू दाबून वर यायचे. मग येते आडवी वाट, म्हणजे मजकुरातच दिलेला दुसऱ्या नोडचा संदर्भ. आपल्या मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी ‘पहा’ असे म्हणून दुसऱ्या नोंदींची नावे देतात, त्याच जातीची ही सोय. एफ दाबले की त्या संदर्भावर जाता येते. धड्यातली ती आडवी वाट ज्या नोडवर नेते, तिथे पोचल्यावर सांगितले जाते, की अशा वाटेने आलेल्याला इथले पुढचा-मागचा-वरचा हे पत्ते परत जायला उपयोगी पडतीलच असे नाही. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने परतायचे तर एल दाबा.

या एका सूचनेवर मी थोडा वेळ घालवणार आहे, कारण शिकवताना गाडी हमखास अडते ती इथेच. विद्यार्थी विचारतात, मागे जायच्या दोन-दोन कळा कशाला? दोन नव्हेत, तीन आहेत. पी मागे नेते ते लेखकाच्या क्रमाने. त्याने ज्या प्रकरणानंतर हे प्रकरण ठेवले, तिकडे. यू नेते ते विषयाच्या रचनेप्रमाणे. हा विषय ज्या मोठ्या विषयाचा भाग आहे, तिकडे. आणि एल नेते ते तुमच्या स्वतःच्या प्रवासाच्या उलट दिशेने. तुम्ही कुठून कुठे उड्या मारल्या त्याची नोंद इन्फो ठेवते. लेखकाचा क्रम, विषयाची रचना आणि वाचकाचा माग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. छापील पुस्तकात त्या एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात, की त्यांचे वेगळेपण जाणवतच नाही. बोट पानात ठेवून परिशिष्ट पाहून येणे म्हणजे एल, हे कोणी सांगितल्यावरच लक्षात येते. इन्फो या तिन्ही सुट्या करते आणि प्रत्येकीला एकेक कळ देते. हे ज्याला उमगले तो इन्फोत पुन्हा हरवत नाही. न उमगलेला पी दाबून परतीची वाट शोधत राहतो आणि भलत्याच प्रकरणात जाऊन पोचतो.

यांतली एल आज जगातल्या प्रत्येक मोबाइलवर आहे. ब्राउझरमधला मागे वळलेला बाण म्हणजे तीच. पी आणि यू मात्र वाटेतच गळाल्या. टेड नेल्सन यांनी 1965 साली हायपरटेक्स्ट ही कल्पना मांडली, डग्लस एंगेलबार्ट यांनी डिसेंबर 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिचे रूप प्रत्यक्ष करून दाखवले, आणि टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये सर्न येथे वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव दिला. इन्फो या दोन टोकांच्या मधल्या काळातली. मिनेसोटा विद्यापीठात 1991 मध्ये निघालेला गोफर तर पूर्णपणे मेन्यूवरच चाले. वेबपुढे तो टिकला नाही. वेबने दुवे मोकळे केले. कोणीही कुठूनही कुठेही दुवा द्यावा, वरच्या पातळीची कोणाला सक्ती नाही. त्यामुळेच ती जगभर पसरली, हे मान्यच करायला हवे. एचटीएमएलमध्ये पुढचे पान आणि मागचे पान कोणते ते सांगायची सोय होती. पण बहुतेक ब्राउझरांनी तिच्यासाठी बटण काही दिले नाही, आणि बटण नाही म्हटल्यावर लेखकांनीही ती माहिती लिहायचे सोडले.

आज आपण सगळे शोधयंत्रात शब्द टाकतो आणि थेट एखाद्या परिच्छेदावर उतरतो. अलीकडे तर पानही उघडत नाही, बोलणाऱ्या प्रोग्रामला विचारतो आणि उत्तर घेतो. रिक्षाने रोज दाराशी उतरणाऱ्याला पत्ते पाठ असतात, पण कसबा पेठेतून शनिवार पेठेत पायी कसे जावे ते सांगता येत नाही; तशी आपली गत झाली आहे. उत्तर मिळते, पण त्या उत्तराच्या वर काय आहे, शेजारी काय आहे, आपण न विचारलेले असे काय तिथे होते, हे दिसत नाही. मला इमॅक्समधल्या ज्या सोयी आज सर्वांत उपयोगी पडतात त्यांतल्या बऱ्याच मी शोधल्या नव्हत्या. दुसरे काही वाचून झाल्यावर यू दाबले, मेन्यूत खालची ओळ दिसली, आणि आत शिरलो.

शोधावर माझा राग आहे असे मात्र समजू नका. इन्फोतही शोध आहे. एस दाबले की सगळ्या पुस्तकात शब्द धुंडाळता येतो. पण जुने जाणते नवशिक्याला एस आधी शिकवत नाहीत, आय शिकवतात. आय म्हणजे सूची. मला स्वतःला या प्रणालीतला सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो, आणि त्यासाठी थोडे मुद्रणाकडे वळावे लागेल.

इन्फोची पुस्तके टेक्सइन्फो नावाच्या भाषेत लिहितात. ती स्टॉलमन आणि रॉबर्ट चॅसेल यांनी घडवली. डॉनल्ड नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीचा तिला आधार आहे. एकाच मूळ फाइलपासून पडद्यावरची इन्फो आणि छापील ग्रंथ, दोन्ही निघतात. मूळ फाइलवरून इन्फो तयार करणारा मेकइन्फो प्रोग्राम आणि इमॅक्सशिवायही इन्फो वाचता येईल असा वेगळा वाचक ब्रायन फॉक्स यांनी लिहिले. टेक्सइन्फोत सहा प्रकारच्या सूची तयार मिळतात: संकल्पनांची, फंक्शनांची, व्हेरिएबलांची, कळांची, प्रोग्रामांची आणि माहितीच्या प्रकारांची. लेखक मजकूर लिहिता लिहिता मध्येच एका ओळीत सूचीशब्द नोंदवतो. तो शब्द छापील मजकुरात दिसत नाही. तो फक्त वाचकाला त्या जागी आणण्यासाठी असतो.

खरी कसोटी इथे लागते. लेखकाने कोणते शब्द नोंदवायचे? स्वतःचे की वाचकाचे? इमॅक्समध्ये मजकूर कापण्याला किल म्हणतात आणि परत आणून ठेवण्याला यँक. कट आणि पेस्ट हे शब्द घरोघरी पोचण्याआधीचा हा शब्दसंग्रह आहे आणि इमॅक्सने तो सोडलेला नाही. नव्या माणसाला यँक हा शब्द सुचणे शक्यच नाही. पण त्याने पुस्तकात आय दाबून पेस्टिंग असे लिहिले, तर तो बरोबर यँकच्याच नोडवर पोचतो, कारण पुस्तक लिहिणाऱ्याने तिथे पेस्टिंग हा सूचीशब्दही घालून ठेवला आहे. एकाहून अधिक ठिकाणी तो शब्द असेल तर स्वल्पविरामाची कळ दाबत एकेक जागा पाहता येते. यंत्राचा शोध जो शब्द छापलेला आहे तोच सापडवतो. सूची न छापलेला शब्दही सापडवते, कारण वाचक काय म्हणेल याचा विचार कोणीतरी आधी केलेला असतो. म्हणून सूची करणाऱ्याला मी लेखकाच्या बरोबरीचा मान देतो. आपल्याकडच्या बऱ्याच मराठी ग्रंथांना शेवटी सूची नसते, किंवा असली तर ती नुसती व्यक्तिनामांची असते, हे मी इथे केवळ नोंदवतो. या सभागृहातल्या प्रकाशकांकडे मी मुद्दाम बघत नाही.

हीच मांडणी डोळ्यांऐवजी कानांनी वाचायची तर काय होते ते सांगण्यासाठी आता एका पुणेकराविषयी. टी. व्ही. रमण यांचे बालपण पुण्यात गेले. त्यांची दृष्टी आधीच अधू होती, ती चौदाव्या वर्षी काचबिंदूने पूर्ण गेली. पुढे भाऊ आणि इतर जण पाठ्यपुस्तके वाचून दाखवत, आणि ते ऐकून शिकत. नवरोसजी वाडिया महाविद्यालयात गणित, मग आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र, आणि 1994 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता गणिती सूत्रांनी भरलेले मजकूर आवाजातून कसे ऐकवावेत. त्या प्रबंधाला असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशीनरीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, त्यांनी इमॅक्सस्पीक प्रसिद्ध केले. पडदा वाचून दाखवणारे इतर प्रोग्राम पडद्यावर जी अक्षरे दिसतात ती बोलतात. इमॅक्सस्पीक इमॅक्सच्या आतच राहते, त्यामुळे समोरचा मजकूर काय आहे, शीर्षक आहे, दुवा आहे की प्रोग्रामातली टीप आहे, हे त्याला माहीत असते, आणि त्याप्रमाणे ते आवाज बदलते. डोळसांसाठी इमॅक्स जिथे रंग बदलतो तिथे इमॅक्सस्पीक स्वर बदलते.

इन्फो त्यात उत्तम बोलते, आणि ते उगाच नाही. ऐकणाऱ्याला पडद्यावरून एकदा नजर फिरवून अंदाज घेता येत नाही. त्याला एका वेळी एकच शब्द मिळतो. म्हणून आपण कुठे आहोत, इथून कुठे जाता येईल, आणि त्यासाठी नेमके काय दाबायचे, हे त्याला निश्चित लागते. पुढचा, मागचा आणि वरचा यांच्या कळा इन्फोत कुठल्याही पुस्तकात बदलत नाहीत. मेन्यूतली ओळ छोटी असते. नोड लहान असतो. माउस लागतच नाही. डोळसांना रूक्ष वाटणारी ही मांडणी कानाला नेमकी सोयीची ठरते. गेल्या काही वर्षांत रंगीबेरंगी माहितीस्थळे आली, त्यांत एखाद्या चौकोनावर माउस नेल्यावर उपविषय उमलतात. दिसायला छान आहेत. त्यांतल्या किती स्थळांवर डोळे मिटून फिरता येईल, हे एकदा पाहावे.

इन्फोच्या प्रसाराला एक अडथळा तिच्याच घरातून आला, तो थोडक्यात सांगतो. स्टॉलमन यांचे म्हणणे असे, की मुक्त सॉफ्टवेअरला मुक्त माहितीपुस्तकेही हवीत. त्यासाठी 2000 साली माहितीपुस्तकांचा वेगळा परवाना निघाला. त्यात पुस्तकाचे काही भाग कोणी बदलू नयेत अशी अट घालता येते. इमॅक्सच्या पुस्तकात ग्नूचा जाहीरनामा असा न बदलण्याचा भाग म्हणून आहे. डेबियन या लिनक्स वितरणाच्या सदस्यांनी 2006 मध्ये मतदान करून ठरवले, की असे बंदिस्त भाग असलेले पुस्तक आम्ही मुक्त मानणार नाही. मग काय झाले? इमॅक्स मुक्त कपाटात, आणि इमॅक्सचे पुस्तक अमुक्त कपाटात. डेबियनवर इमॅक्स बसवून कोणी कंट्रोल-एच, आर दाबले, तर पुस्तक नसल्याचे कळते. ते वेगळे मागवावे लागते. मुक्ततेचा आग्रह धरणाऱ्या दोन संस्थांनी मिळून नवशिक्याच्या हातातून पुस्तक काढून घेतले. दोघांचेही युक्तिवाद मी वाचले आहेत. दोघांचेही पटतात, आणि तरी नवशिक्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

शेवटी आपल्या भाषेकडे येतो. इमॅक्समध्ये देवनागरीची सोय जुनी आहे. देवनागरी नावाचे भाषा-वातावरण आहे आणि त्याच्या वर्णनात मराठीचे नावही आहे. इन्स्क्रिप्ट मांडणीने किंवा आयट्रान्स पद्धतीने रोमन कळांवरून मराठी लिहिता येते. पण इमॅक्सबरोबर येणारा प्राथमिक धडा, कंट्रोल-एच, टी दाबल्यावर येतो तो, फ्रेंच, जपानी, थाई, एवढेच काय एस्परांतोतही आहे. मराठीत नाही. तो कोणीतरी करावा, ही माझी पहिली विनंती. तंत्रज्ञ नसलात तरी चालेल. उलट तंत्रज्ञ नसलेल्यानेच करावा, त्याला कुठे अडते ते अजून आठवत असते.

दुसरी विनंती अधिक खटाटोपाची आहे. टेक्सइन्फोत मराठी पुस्तक लिहिता येते, युनिकोड चालतो. नोडच्या डोक्यावरचे नेक्स्ट, प्रिव्हियस, अप हे शब्द आणि मेन्यू हा शब्द इंग्रजीतच राहतात, कारण वाचक-प्रोग्राम त्याच खुणांवर चालतो. बाकी सारे मराठी. अडचण आहे ती सूचीत. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर, आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी. नुसत्या युनिकोडच्या क्रमाने लावलेली सूची मराठी वाचकाला चुकीची वाटेल, आणि ती चुकीचीच असेल. हा क्रम मुद्दाम सांगून लावून घ्यावा लागतो. हे काम तंत्रज्ञाचे, पण करून घेणे कोशकाराचे.

शब्दांचा प्रश्न त्याहून मोठा. पेस्ट करण्याला मराठीत कोणी पेस्ट करणे म्हणतो, कोणी चिकटवणे, कोणी डकवणे. परिभाषा समिती बसली, की यांतला एक निवडून बाकीचे कापण्याकडे तिचा कल असतो. मजकुरात एकच शब्द ठेवा, त्याला माझी हरकत नाही. सूचीत मात्र तिन्ही घाला. शिवाय शुद्धलेखनाचे जे पर्याय लोक खरोखर लिहितात तेही घाला, चुकीचे असले तरी. वाचक चुकीचा शब्द लिहून बरोबर जागी पोचला, तर त्यात व्याकरणाचे काय बिघडले?

माझे बोलणे इथे थांबवतो. मंचाच्या डावीकडे टेबलावर संगणक आहे, त्यात इमॅक्स उघडून ठेवला आहे आणि पुस्तकही वेगळे मागवून बसवले आहे. प्रश्नोत्तरांसाठी ठेवलेल्या वेळात ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी विचारावेत. बाकीच्यांनी टेबलापाशी यावे, कंट्रोल-एच दाबावे, मग आय, मग एच. धडा सांगेल तेवढेच करा, आणि दुसऱ्या नोडमध्ये एन दाबायची घाई करू नका.